पाल्याचा दिवा

आधीच सांगून ठेवतो, मी म्हातारा झालोय, पण चळलेलो नाही. दुकानवाली ओडनी गल्ल्यावर बसून जे सांगत सुटली आहे ना, की इंगवाल्डनं, म्हणजे मी, एका भाजीच्या भांड्यासाठी दाढी केली, ते अर्धं खरं आहे. दाढी केली होती. पण भाजीसाठी नाही. कुणी भाजीसाठी दाढी करतं का?

खाडीच्या या काठाला माझं घर. समोरच्या काठाला रागनाचं. मध्ये पाणी, आणि पाणी म्हणजे काय, वल्ही मारत गेलं तर पाइपमधली तंबाखू संपायच्या आत पलीकडे. रस्त्यानं जायचं तर सगळ्या खाडीला वळसा घालून जावं लागतं, आणि तो रस्ता तिच्या घराच्या मागून, डोंगराच्या अंगानं येतो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. जन्मभर दिसत आली आहे. पडदे आमच्याकडे कुणी ओढत नाही. हिवाळ्यात सूर्य एकदा बुडाला की दोन महिने वर येत नाही, मग माणसानं बघायचं तरी काय? एकमेकांच्या खिडक्या.

आमच्या खाडीची एक जुनी रीत आहे. पुरुष कॉड माशाच्या हंगामाला बोटी घेऊन बाहेर पडले की घरच्या बाईनं समुद्राकडच्या खिडकीत दिवा ठेवायचा. मग तो मालवायचा नाही. माणूस परत आला, त्याचा पाय उंबऱ्याच्या आत पडला, की बाई आधी हात लांब करून दिवा मालवणार आणि मगच "आलास?" म्हणणार. माझ्या आईनं माझ्या बापासाठी हेच केलं, नंतर माझ्यासाठीही केलं. आई गेली आणि माझी खिडकी अंधारात गेली ती गेलीच.

हाल्वार आणि मी एकाच बोटीवर होतो. हाल्वार म्हणजे रागनाचा नवरा. खाडीच्या तोंडाशी वळलो की तो मला कोपरानं ढोसायचा. "तो बघ, माझा दिवा!" दर वेळी. जसा काही मला दिसत नव्हता! मला तो त्याच्या आधी दिसायचा. आता लपवण्यात काय अर्थ आहे, रागनावर माझा जीव होता. ती हाल्वारची व्हायच्या आधीपासून होता. पण हाल्वारला बोलता यायचं, नाचता यायचं. मला जाळी दुरुस्त करता यायची. झालं, विषय संपला. मी लग्न केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारण्याची कुणाची हिंमत झाली नाही, ओडनी सोडून.

मग एका हिवाळ्यात हाल्वार जवळच जाळं ओढायला एकटा गेला आणि त्याची बोट रिकामी सापडली. रागनानं दिवा तसाच ठेवला. सगळा हिवाळा ठेवला. मे महिना आला, रात्रीचाही लख्ख उजेड पडायला लागला, त्या उजेडात दिवा कसला दिसतोय, पण मला दिसायचा. आणि एक दिवस तो नव्हता. तिनं आपल्या हातानं मालवला होता, कुणी आत आलेलं नसताना. त्या दिवशी खाडीत कुणीही मोठ्यानं बोललं नाही.

त्यानंतर कित्येक वर्षं ती खिडकी रिकामीच.

आणि या नोव्हेंबरात, सूर्य गेला त्याच आठवड्यात, मी कॉफी ठेवायला उठलो, खिडकीकडे बघितलं आणि हातातला डबा तसाच राहिला. समोर दिवा होता. समुद्राकडच्या खिडकीत, अगदी त्याच जागी.

आधी वाटलं, असेल काही. बाई काहीतरी शोधत असेल. पण दुपारी दिवा, संध्याकाळी दिवा, दुसऱ्या दिवशी परत दिवा. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मला दिसायचा तो एक गोल पांढरट उजेड. रात्री तो विझायचा, हे मला खटकलं. वाट पाहण्याचा दिवा रात्री विझवत नाहीत. पण मी म्हटलं, वय झालंय तिचं, झोपत असेल. आणि रोज त्याच वेळी लागायचा, त्याच वेळी विझायचा, तेव्हा म्हटलं, रागना पहिल्यापासून शिस्तीचीच. माणूस स्वतःलाच कसा गुंडाळतो बघा.

मी दुकानात गेलो. ओडनी गल्ल्यावर होती. तिची जीभ कधी सुट्टीवर जात नाही.

"बघितलंस का?" ती म्हणाली.

"काय?"

"काय म्हणे! खाडीतल्या मेंढ्यांनीसुद्धा बघितलंय. रागनाच्या खिडकीत दिवा आहे. कुणाची वाट बघतेय ती?"

"मला काय ठाऊक? तिची ती मुलगी, मारेन, येत असेल."

"मारेन? ती ट्रोम्सो शहरातून नाताळलाच उगवते, आणि तीही गाडीनं. गाडीनं येणाऱ्यासाठी कुणी समुद्राकडे दिवा लावतं का?" तिनं माझ्या पिशवीत बटाटे टाकले आणि माझ्याकडे तिरकं बघितलं. "पलीकडून येणाऱ्यासाठी लावतात."

"गप्प बस."

"मी कुठं काय म्हणाले? पलीकडे काय एकटा तूच राहतोस? तिकडं ते पाणकावळेही राहतात."

मी ताडताड घरी आलो. राग ओडनीचा आला होता, पण छाती धडधडत होती ती वेगळ्याच कारणानं. मी खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि बसून राहिलो. सांगायला लाज वाटते, पण मी मनातल्या मनात सगळं घर लावून टाकलं. माझी खुर्ची तिच्याकडे कुठं ठेवायची, माझ्या घराचं काय करायचं, तिला माझं घोरणं चालेल का. एका दिव्यावरून! आयुष्यभर दुसऱ्याचा दिवा बघत बोट वळवलेल्या माणसाला विचारा, एखादा आपल्यासाठी लागलाय असं वाटलं की काय होतं ते. मला खाणं सुचेना. मला एवढंच हवं होतं, की एकदा, मरायच्या आत एकदा, मी कुणाच्या तरी दारात पाय टाकावा आणि तिनं हात लांब करून दिवा मालवावा.

शनिवारी वारा पडला. मी दाढी केली. लग्नाला आणि मयताला घालायचा विणलेला स्वेटर काढला, त्याला कापराच्या गोळ्यांचा वास येत होता, येईना का. सकाळीच एक ताजा कॉड मिळाला होता, तो काळजासकट आणि गाबोळीसकट बादलीत घेतला. गाडी दारात उभी होती, पण मी बोटच काढली. ज्याची वाट बघतात तो समुद्राकडून येतो.

पाण्यावर अंधार होता आणि समोर तो उजेड. मी पाठमोरा वल्ही मारत होतो तरी दर चार हातांनी मान वळवून बघत होतो. मान दुखायला लागली, तरी बघत होतो.

तिच्या धक्क्याला बोट बांधली, वर चढलो, दार उघडलं. आमच्याकडे दार वाजवत नाहीत. रागना ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि थांबलो.

ती वळली. "इंगवाल्ड? अगं बाई! कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग हा स्वेटर?"

मी दिव्याकडे बघत होतो. आता मालवेल, मी मनात म्हटलं. हात पुसेल आणि मालवेल. माझा एक पाय आत, एक बाहेर, हातात बादली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग दिव्याकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"असा दारात काय उभा राहिलास खांबासारखा? दार लाव आधी! माझी पोरं गारठतील."

"पोरं?"

"ये, दाखवते. आता आला आहेस तर बघच." आणि तिनं मला बाहीला धरून आत ओढलं.

खिडकीतल्या ओट्यावर एक पांढरं, लांबट, टबासारखं भांडं होतं. आत पाणी. वरच्या झाकणाला भोकं, आणि प्रत्येक भोकातून एकेक रोप वर आलेलं. सॅलडचा पाला, शेपू, पार्सली, आणि आणखी एक वासाची पानं, त्यांचं नाव तिनं सांगितलं ते मी ऐकलं नाही. माती नाही, काही नाही. तिनं एक टोपली उचलून दाखवली, तर खाली पांढरी मुळं पाण्यात लोंबत होती. आणि या सगळ्याच्या वर, एका दांड्याला लावलेला, तो दिवा.

"मारेननं पाठवलंय," ती म्हणाली. "म्हणाली, आई, तू हिवाळाभर बटाटे आणि मासे खाऊन म्हातारी होशील. म्हटलं, झालेच की. पण बघ ना, बाहेर काळोख आणि बर्फ, आणि इथं शेपू! पंधरवड्यातून एकदा खताचे थेंब टाकायचे. पाणी कमी झालं की ते स्वतःच ओरडतं."

"आणि दिवा?" मी विचारलं.

"तो आपला आपण लागतो. पहाटे लागतो, रात्री विझतो. आत घड्याळ आहे. मला हातसुद्धा लावावा लागत नाही."

हातसुद्धा लावावा लागत नाही. हसू येत होतं, स्वतःचंच. काय तो स्वेटर, काय तो कापराचा वास!

"तू कशाला आलास पण? तेही बोटीनं? गाडी बिघडली?"

"मासा द्यायला," मी म्हटलं आणि बादली पुढे केली.

तिनं मासा शिजवला. काळीज, गाबोळी, बटाटे, सगळं रीतसर. वर तिच्या त्या भांड्यातला शेपू कात्रीनं कापून घातला. घास तोंडात टाकला तर सबंध उन्हाळा तोंडात आला. ती समोर बसून माझं तोंड बघत होती.

"हसणार नसशील तर एक सांगते," ती म्हणाली.

"नाही हसत."

"सकाळी मी उठून इथं येते ना, तर उजेड आधीच असतो. क्षणभर वाटतं, कुणीतरी माझ्याआधी उठलंय. कॉफी ठेवली असेल. रोज वाटतं, रोज फसते. इतकी वर्षं अंधारात चाचपडत बटण शोधलं मी. आता या पाल्याला 'गुड मॉर्निंग' म्हणते." ती स्वतःच हसली. "वेडी झालेय असं नको सांगूस ओडनीला."

हीच वेळ होती. हाल्वार असता तर त्यानं काहीतरी बोलून टाकलं असतं. मला सगळं बोलायचं होतं. रागना, मी उठीन तुझ्याआधी. मी ठेवीन कॉफी. एवढंच तर होतं. जिभेवर आलं होतं.

"शेपू छान आहे," मी म्हणालो.

ती उठली, पाला कापला, पिशवीत भरून माझ्या हातात दिला. धक्क्यापर्यंत आली नाही, दारातूनच हात हलवला. परतताना मी तिच्या घराकडे तोंड करून वल्ही मारत होतो, म्हणजे तो दिवा सबंध वाटभर माझ्या डोळ्यांसमोर. मी इतका चिडलो होतो की वल्हं दोनदा निसटलं.

घरी आलो, पाला उभ्यानंच खाल्ला, आणि एक जुनं घोंगडं घेऊन खिडकीवर खिळ्यांनी ठोकलं. बघायचंच नाही. आयुष्यभर बघितलं, बस झालं. तिच्याकडे पाला आहे, माझ्याकडे घोंगडं आहे.

सोमवारी दुकानात ओडनीनं विचारायच्या आत मीच तिच्या अंगावर ओरडलो. "तो दिवा पाल्याचा आहे! यंत्र आहे ते! कुणाची वाटबिट बघत नाहीये ती. आता सांग गावाला."

"तू गेला होतास?" तिचे डोळे मोठे झाले. "स्वेटर घालून?"

"तुला कुणी सांगितलं स्वेटरचं?"

"कापराचा वास अजून येतोय तुझ्या अंगाला." पण ती हसली नाही. ओडनी हसत नाही तेव्हा जरा भीती वाटते. "आणि दारात थांबलास? तिनं मालवावा म्हणून?"

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. त्यानंतर मी दुकानात जाणंच सोडलं. वादळ झालं, बर्फ पडलं, मी घोंगड्याआड बसून जाळी दुरुस्त केली, जी कुणालाच नको होती. फोन एकदा वाजला, मी घेतला नाही. दिवा बघितला नाही तर विसरेन असं वाटलं होतं. उलट झालं. बघत होतो तेव्हा निदान दिसायचा.

दूध संपलं तेव्हा नाइलाजानं दुकानात गेलो. ओडनीनं मला बघितलं आणि हातातलं खोकं धाडकन खाली ठेवलं.

"आलास! मला वाटलं मेलास. खिडकी का बंद केलीस?"

"माझी खिडकी आहे."

"तुझी खिडकी! अरे दगडा, आंधळ्या, सगळ्या खाडीनं बघितलं आणि ज्यानं बघायचं तो घोंगड्याआड बसलाय!"

"काय बघायचं? पाला?"

"पाला तिनं केव्हाच मागच्या खोलीत नेऊन ठेवला. डोंगराच्या अंगाला. खिडकी मोकळी केली. तिथं तिचा जुना दिवा आहे, पिवळा. हातानं लावायचा." ओडनीचा आवाज खाली आला. "तू दारात का थांबला होतास ते मी तिला फोनवर सांगितलं. होय, मीच सांगितलं, मार मला. तिनं फोन ठेवला आणि त्याच दिवशी दिवा लावला. रात्रीही विझत नाही, इंगवाल्ड. आणि समोर तुझी खिडकी काळी. तिनं काय समजायचं?"

दुधाची बाटली मी तशीच तिथं ठेवली. टोपीही राहिली.

घरी येऊन घोंगडं ओढलं, खिळ्यांसकट निघालं ते. आणि मग मला वर बघायची हिंमत होईना. तिनं एकदा मालवला होता, कुणी आलं नाही म्हणून. तिला ठाऊक आहे कसा मालवायचा तो. मी घोंगड्याकडे बघत उभा होतो.

मग मान वर केली.

होता. लहानसा, पिवळा, मोतीबिंदूतून जरा फुटलेला. पण होता.

दाढी वाढलेली होती. अंगावर मासे साफ करायचा स्वेटर होता. वाराही काही धड नव्हता, पाणी बोटीत येत होतं. मी गाडीनं जाऊ शकलो असतो आणि कोरडा पोचलो असतो, पण गाडीनं जाणाऱ्याला तो दिवा दिसत नाही. मी वल्ही मारत होतो आणि मोठ्यानं बडबडत होतो, मालवू नकोस, रागना, आलो, मालवू नकोस. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा चळला.

दार उघडलं तर ती समोरच उभी होती. तिनं बोट बघितली असणार. डोळे लाल होते आणि भुवया चढलेल्या होत्या.

"तोंडानं सांगितलं असतंस तर काय दात पडले असते?" ती म्हणाली. "शेपू छान आहे म्हणे!"

"छानच होता."

"आणि खिडकी का बंद केलीस? मी इथं रोज बसून..." तिनं नाक पुसलं. "मला वाटलं, नाही म्हणालास तू."

"मी बघितलंच नाही, रागना. मी घोंगडं लावून रुसून बसलो होतो."

"या वयात?"

"या वयात."

माझ्या स्वेटरमधून पाणी ठिबकत होतं. मागच्या खोलीच्या दाराखालून पांढऱ्या उजेडाची पट्टी येत होती आणि आत ते भांडं पाण्यासाठी ओरडत होतं. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी अजून बाहेरच उभा होतो.

मी एक पाय आत टाकला. मग दुसरा.

रागनानं हात लांब केला आणि दिवा मालवला.

"आलास?" ती म्हणाली.